सायकलने कामावर येणाऱ्यांसाठी वस्त्रांतराची व सामान ठेवण्याची सोय : रचनेचा एक विचार

कार्यालयाच्या, कारखान्याच्या अथवा महाविद्यालयाच्या आवारात पत्र्याचे छप्पर उभारले, त्याखाली लोखंडी पट्ट्यांच्या खाचा बसविल्या आणि ‘सायकल स्टँड’ अशी पाटी लावली, म्हणजे सायकलने येणाऱ्यांची व्यवस्था पूर्ण झाली, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या व्यवस्थेत सायकलची सोय होते. सायकलवरून उतरलेल्या माणसाची होत नाही. हा माणूस सात-आठ किलोमीटर पायडल मारून आलेला असतो. उन्हाळ्यात तो घामाने भिजलेला असतो, पावसाळ्यात पावसाने, आणि पुण्यासारख्या शहरात जून महिन्यात एकाच सकाळी दोहोंनीही. पंधरा-वीस मिनिटांनी त्याला विद्यार्थ्यांपुढे, ग्राहकांपुढे अथवा वरिष्ठांपुढे नीटनेटक्या वेषात उभे राहावयाचे असते. या पंधरा-वीस मिनिटांत त्याला काय काय करावे लागते आणि त्यासाठी इमारतीत कोणती जागा कशी असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हा विषय का हाती घ्यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, अशा सोयी बिघडतात त्या पुष्कळदा गवंड्याच्या हातून नव्हे, तर मागणीपत्रकाच्या भाषेत. संस्थेकडून वास्तुशिल्पज्ञाकडे जे टिपण जाते त्यात बहुधा नामांची यादी असते : सायकल स्टँड एक, स्नानगृहे दोन, लॉकर वीस, आरसा एक. प्रत्येक नामापुढे एक अंक असतो आणि काम पुरे झाल्यावर प्रत्येकापुढे एक खूण होते. यादीत चूक काहीच नसते; तथापि त्या वस्तू कोणत्या क्रमाने वापरावयाच्या आहेत आणि एका वस्तूपासून दुसरीपर्यंत जाताना माणसाच्या हातात व अंगावर काय असणार आहे, याचा तीत मागमूस नसतो. मग स्नानगृह तळमजल्यावर, लॉकर तिसऱ्या मजल्यावर आणि ओला टॉवेल टाकण्यास जागा कोठेच नाही, अशी रचना निर्माण होते. तिच्यातील प्रत्येक वस्तू उत्तम असते व एकंदर सोय निरुपयोगी असते. माझे म्हणणे एवढेच की, हे टिपण नामांनी न लिहिता क्रियापदांनी लिहावे. सायकलस्वार येतो, उतरतो, सायकल लावतो, कुलूप घालतो, पिशवी काढतो, निवतो, धुतो, पुसतो, कपडे बदलतो, ओले टांगतो, कोरडे सामान ठेवतो आणि मग कामावर जातो. संध्याकाळी हाच क्रम उलट्या दिशेने घडतो. यांपैकी एका जरी क्रियापदाला जागा मिळाली नाही, तरी मागच्या-पुढच्या जागांचे मोल उतरते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या घरांच्या रचनेत बाहेरून आलेल्या माणसाचा क्रम पक्का ठरलेला असे. दारात पादत्राणे निघत, पायांवर पाणी घेतले जाई, ओटीवर क्षणभर बसणे होई, उपरणे व पगडी खुंटीवर जाई. ओले वस्त्र निराळ्या वलणीवर पडे व कोरड्याला शिवत नसे. त्यामागे सोवळ्याओवळ्याच्या समजुती होत्या हे खरे, परंतु ओले आणि कोरडे यांची फारकत त्या रचनेत आपोआप साधली जाई. ‘हातपाय धुणे’ हा प्रयोग मराठीत दोन अवयव धुण्याच्या क्रियेपुरता राहिलेला नाही. बाहेरचे संपवून आत येण्याचा सगळा विधी त्यात आला आहे. कचेरीची इमारत बांधताना मात्र हा विधी कोणी ध्यानात घेतला नाही, कारण कचेरीत येणारा माणूस घरूनच तयार होऊन येतो असे गृहीत धरलेले होते.

कारखान्यांच्या बाबतीत कायद्याने हे गृहीत धरले नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमात धुण्याच्या पुरेशा व योग्य सोयी, स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी वेगळ्या आणि आडोशाच्या असाव्यात, असे सांगितलेले होते. आणि ४३ व्या कलमान्वये राज्य सरकारला असे नियम करता येत की, कामाच्या वेळात अंगावर न घातलेले कपडे ठेवण्यास व ओले कपडे वाळविण्यास जागा पुरविली जावी. येथील शब्दरचना लक्ष देण्याजोगी आहे. कोणत्या जातीचे कपडे, हे कायदा सांगत नाही. कामाच्या वेळात अंगावर नसलेले, एवढेच सांगतो. व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वापराच्या वेळेवरून केलेली आहे. म्हणून शब्दार्थाने पाहता सायकलस्वाराचा भिजलेला रेनकोटही तीत बसतो. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या २४ व्या कलमात हीच शब्दरचना पुढे चालू ठेवलेली असून स्त्री, पुरुष व तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या स्नानाच्या जागा व लॉकरच्या खोल्या यांचाही उल्लेख आहे. मुख्य फरक असा की, जुना कायदा कारखान्यांपुरता होता, तर संहितेतील ‘आस्थापना’ हा शब्द पुष्कळच व्यापक आहे. तपशील नियमांवर सोपविलेला असल्यामुळे एवढ्यावरून प्रत्येक कचेरीत न्हाणीघर होईल असे समजण्याचे कारण नाही. परंतु ही मागणी म्हणजे हौशी लोकांचे लाड नव्हेत, हे दाखविण्यास एवढा आधार पुरे आहे.

पुणे शहराचा येथे वेगळा विचार करावा लागतो. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या या शहरात आज स्वयंचलित दुचाकींचे राज्य आहे. महानगरपालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात भर अर्थातच मार्गांवर होता. मार्ग हवेतच. तथापि मार्ग ज्या फाटकाशी संपतो त्याच्या आतील शंभर मीटरांचा विचार महानगरपालिका करू शकत नाही; तो त्या त्या संस्थेनेच करावयाचा असतो. आज या फाटकातून आत येणारे सायकलस्वार स्थूलमानाने दोन प्रकारचे आहेत. एक, ज्यांना दुसरे वाहन परवडत नाही असे पहारेकरी, सफाई कामगार, शिपाई, माळी. आणि दुसरे, प्रकृतीसाठी अथवा तत्त्व म्हणून महागडी सायकल घेऊन येणारे अधिकारी, अध्यापक, संगणक-व्यवसायातील तरुण. सोय मागतो तो दुसरा वर्ग, आणि सोयीची निकड अधिक असते ती पहिल्याला. या विसंगतीकडे पुढे यावे लागेल.

आता क्रियापदे घेऊ. सायकल लावणे या क्रियेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. पुढचे चाक खाचेत घालण्याची जुनी पद्धत टाकून द्यावी : शेजारच्या सायकलचा धक्का लागला की सगळा भार चाकावर येऊन ते वाकडे होते, आणि साखळीही केवळ चाकालाच लावता येते. जमिनीत रोवलेली, उलट्या ‘यू’च्या आकाराची, सुमारे पाऊण मीटर उंचीची जाड नळी हा सर्वांत साधा व निर्धोक उपाय होय. ब्रिटनमध्ये हिला ‘शेफील्ड स्टँड’ म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंस एकेक सायकल टेकते, आणि सांगाडा व चाक दोन्ही कुलपात येतात. अशा दोन नळ्यांत एक मीटरचे अंतर ठेवावे. सायकलची लांबी सुमारे १.८ मीटर असते. ये-जा करण्याची वाट धरली तरी एका सायकलीस दीड चौरस मीटरच्या आसपास जागा पुरते. एका मोटारगाडीस नुसती उभी राहण्यास साडेबारा चौरस मीटर लागतात, हे शेजारी मांडून ठेवले म्हणजे जागेअभावीची तक्रार बरीचशी शमते. दुमजली स्टँड आपल्याकडे टाळलेले बरे. वीस किलो वजनाची काळी सायकल डोक्यावरच्या कप्प्यात चढविणे सर्वांना झेपणारे नाही. तळघरातील वाहनतळ ही जागाही नको. ओला उतार, अंधार आणि मागून येणाऱ्या मोटारी या तिन्ही गोष्टी सायकलस्वाराच्या मुळावर येतात. स्टँड जमिनीच्या पातळीवर, पहारेकऱ्याच्या नजरेत व प्रवेशद्वाराच्या जवळ असावा, आणि त्याच्या छपराखालीच निथळत्या रेनकोटासाठी खुंट्यांची एक ओळ असावी. रेनकोट तेथे टांगला गेला नाही तर तो पाण्याची रेघ ओढीत जिन्यावरून वर जातो, आणि मग त्या रेघेबद्दल सायकलस्वाराचीच निंदा होते.

यानंतरचे क्रियापद जवळजवळ कोणत्याही आराखड्यात नसते. ते म्हणजे निवणे. सायकल चालू असताना अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याने घाम उडून जात असतो. सायकल थांबते त्या क्षणी वारा थांबतो, परंतु स्नायूंत साठलेली उष्णता थांबत नाही. म्हणून उतरल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत घाम अधिक फुटल्यासारखा वाटतो. याच वेळी माणूस अंघोळ करून कोरडा सदरा घालील तर तो सदरा पुन्हा भिजतो. सायकलवरून येणाऱ्यास अंघोळीचाही उपयोग होत नाही, असे सांगणारे लोक भेटतात, ते बहुधा ही पाच मिनिटे वगळणारे असतात. त्यासाठी वातानुकूलित खोली लागत नाही. स्टँड व धुण्याची जागा यांच्या मधल्या वाटेवर, सावलीत, एक बाक, वर पंखा व पिण्याच्या पाण्याचा नळ एवढे पुरते. वाड्यातील ओटीचे काम हेच होते.

धुण्याच्या बाबतीत संख्येचा प्रश्न येतो. पाश्चात्त्य देशांत इमारतींचे गुणांकन करणाऱ्या ज्या पद्धती आहेत त्यांत दोन निराळे हिशेब आढळतात. ब्रिटनमधील ‘ब्रीअॅम’ पद्धतीत सायकलींच्या दहा जागांमागे एक शॉवर धरतात. अमेरिकेतील ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत इमारतीतील पहिल्या १०० नियमित माणसांमागे एक व पुढील प्रत्येक १५० मागे आणखी एक असा हिशेब आहे. पहिल्यात सायकली मोजल्या जातात, दुसऱ्यात माणसे. माझ्या मते आपल्याकडे दोन्हींपेक्षा वेळ मोजणे अधिक उपयोगी पडेल, कारण आपल्या कचेऱ्यांत सर्वजण एकाच अर्ध्या तासात येतात. समजा चाळीस सायकलस्वार आहेत व त्यांपैकी वीसजण अंघोळ करू इच्छितात. प्रत्येकाने स्नानगृहातच कपडे बदलले तर दहा मिनिटे जातात. अर्ध्या तासात एका स्नानगृहातून तिघेच बाहेर पडतात, म्हणजे सात स्नानगृहे लागतील. तेच स्नानगृहाबाहेर कोरड्या, पडदा असलेल्या जागा कपडे बदलण्यास ठेवल्या तर आतला वेळ पाच मिनिटांवर येतो आणि चार स्नानगृहांत काम भागते. स्नानगृहाला लागणारी नळजोडणी, फरशी व निचरा यांपेक्षा कोरडा आडोसा पुष्कळच स्वस्त असतो. सर्वांनाच अंघोळ हवी असते असेही नाही. हिवाळ्यात तीन-चार किलोमीटर आलेल्या माणसाला कोपरापर्यंत हात धुता येतील असे खोल तस्त, टॉवेल भिजवून अंग पुसण्यास आडोसा आणि पाय धुण्यास खालच्या पातळीवरचा नळ एवढे बस होते. या ठिकाणी शॉवरपेक्षा बादली व तांब्या मला अधिक पसंत आहेत. बादलीत पंधरा-वीस लिटर पाण्यात जे होते त्यास शॉवरखाली चार-पाच मिनिटांत दुप्पट तरी पाणी जाते, आणि शहरातील पाणीकपातीच्या दिवसांत संस्थेचा हात प्रथम याच नळावर पडणार हे उघड आहे.

कपडे बदलणे ही क्रिया पुरुष आराखडाकाराला क्षुल्लक वाटते, कारण सदरा बदलण्यास त्याला कोपराएवढी जागा लागते. साडी नेसणाऱ्या स्त्रीला सुमारे दीड मीटर लांब-रुंद मोकळी जागा, खांद्यापासून पावलांपर्यंत दिसेल असा आरसा आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोरडी जमीन लागते. शौचालयाची खोली वस्त्रांतरासाठी दाखविली जाते तेव्हा या तिन्हींपैकी एकही मिळत नाही. स्त्रियांची खोली लहान ठेवण्याचे समर्थन असे करण्यात येते की, सायकलने येणाऱ्या स्त्रिया आहेतच किती? हा युक्तिवाद वर्तुळात फिरणारा आहे. सोय नाही म्हणून त्या येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून सोय करावयाची नाही. लहान संस्थेत, जेथे एकूण संख्याच दहा-पंधरा आहे, तेथे स्त्रियांची व पुरुषांची अशी दोन दालने न करता, जमिनीपासून छतापर्यंत भिंती असलेल्या व आतून कडी लागणाऱ्या तीन-चार स्वतंत्र खोल्या सामायिक वाटेवर उघडतील अशा बांधाव्यात. प्रत्येकीत तस्त, आरसा, बाक व चार खुंट्या असाव्यात. अशी खोली कोणासही वापरता येते. संख्येचा अंदाज चुकला तरी एक दालन ओस व दुसऱ्यापुढे रांग असे होत नाही, आणि आपण कोणत्या दारातून आत जावे हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला रोज येतो त्यांचा तो त्रास टळतो.

सामान ठेवण्याच्या कपाटाला आपण लॉकर म्हणतो, आणि या शब्दाने आपली दिशाभूल केली आहे. शब्दात कुलूप आहे म्हणून कल्पनेतही कुलूपच मोठे होते. बँकेतल्यासारखी चौकोनी पेटी डोळ्यांपुढे येते. सायकलस्वाराला मौल्यवान वस्तू ठेवावयाच्या नसतात, त्याला इस्त्रीचे कपडे टांगावयाचे असतात. त्यासाठी तीस सेंटिमीटर रुंद, पन्नास सेंटिमीटर खोल आणि सुमारे पुरुषभर उंच कप्पा हवा. आत वर दांडी, खाली पादत्राणांसाठी जाळी, शिरस्त्राणासाठी फळी आणि दारास वर-खाली झरोके. जागा अगदीच कमी असेल तर उंची निम्मी करावी, रुंदी करू नये, नाहीतर सदऱ्याच्या हँगरला ती वाकडे करते. सोमवारी आठवड्याचे कपडे एकदम आणून ठेवणारे पुष्कळजण असतात. त्यांना कप्पा नावाने लागतो. अधूनमधून येणाऱ्यांसाठी काही कप्पे दिवसापुरते मोकळे ठेवावेत. सहा-सहा महिने न उघडलेल्या कप्प्याचे काय करावे, याचा नियम पहिल्याच दिवशी दारावर लावावा. नंतर तो लावणे फार कठीण जाते. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बॅटऱ्या मात्र या कप्प्यांत भारित करू देऊ नयेत. आगीचा धोका लक्षात घेता त्याची सोय स्टँडपाशी, उघड्या हवेत असावी.

आता ज्या क्रियापदावर सगळी व्यवस्था अखेर तरते किंवा बुडते त्याकडे येतो. ओले कपडे वाळविणे ही गोष्ट आपल्या हवामानात चार महिने इतकी अवघड असते की, घरीही ती साधत नाही. सकाळी भिजलेले कपडे संध्याकाळी ओलेच अंगावर चढवावे लागले तर तो माणूस दुसऱ्या दिवशी सायकल काढीत नाही; आणि बंद कप्प्यात दिवसभर कोंबलेल्या ओल्या कपड्यांना येणारा कुबट वास शेजारच्या कप्प्यांतील कोरड्या कपड्यांनाही लागतो. यावर ‘ड्राइंग रूम’ असा शब्द आराखड्यात लिहून एक बिनखिडकीची खोली दिली जाते. (हा शब्द ऐकून दिवाणखाना समजणारे लोकही भेटतात; निदान खुर्च्या तरी येतात.) अशा खोलीत एक हीटर ठेवला की काम झाले असे वाटते, परंतु थोडा हिशेब केला तर चूक कोठे आहे ते दिसेल.

पावसाळी सकाळी हवेचे तापमान २५ अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे असे धरू. या तापमानास एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. त्यांपैकी जवळजवळ २१ ग्रॅम आधीच भरलेले आहे. म्हणजे ती हवा प्रत्येक घनमीटरमागे दोन ग्रॅमच पाणी उचलू शकते. तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापविली तर तिच्यात सुमारे ३९ ग्रॅम बाष्प मावते, आणि उचलण्याची शक्ती दोनावरून अठरा ग्रॅमांवर जाते. हीटरचे कार्य एवढेच आहे. आता एका माणसाच्या भिजलेल्या कपड्यांत अर्धा किलो पाणी धरले तर वीस माणसांचे दहा किलो होते. खोली तीन मीटर लांब, तीन रुंद व तीन उंच असेल तर तिच्यात २७ घनमीटर हवा आहे, आणि ती सगळी अर्धा किलोच्या आतच संपृक्त होते. पहिल्या माणसाचे कपडेदेखील पुरते वाळण्याआधी खोलीची हवा भरली. उरलेल्या एकोणिसांसाठी हीटर दिवसभर जळला तरी काही साधत नाही. ही भरलेली हवा बाहेर गेली पाहिजे व तिच्या जागी नवी आली पाहिजे. दहा किलोंसाठी साडेपाचशे घनमीटर हवा लागते; आठ तासांत विभागली तर ताशी सत्तर घनमीटरांच्या आसपास. एक लहानसा निष्कास-पंखा हे काम सहज करतो. दाराच्या तळाशी हवा आत येण्यास फट, समोरच्या भिंतीत वर पंखा आणि मध्ये हवेच्या वाटेवर कपडे, अशी रचना असावी. प्रत्यक्षात कपड्यांतील पाणी एकसारखे सुटत नाही, म्हणून दुप्पट क्षमतेचा पंखा घेणे शहाणपणाचे.

विजेचा खर्चही पाहावा. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. दहा किलोंस वाफ होण्यापुरतेच जवळजवळ सात युनिट होतात, आणि हवा तापविण्याचे त्यावर आणखी काही. हा आकडा कमी करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पाणी कपड्यांतून आधीच काढणे. धुलाई यंत्रातील नुसते पिळण्याचे पात्र वेगळे मिळते. ते तेथे बसविले तर दोन मिनिटांत कपड्यातील बरेचसे पाणी मोरीत जाते, आणि त्यास वाफ करण्याच्या मानाने नगण्य वीज लागते. जेथे वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागातून गरम हवा अखंड वाया जात असते, तेथे ती वाळविण्याच्या खोलीतून नेता येईल काय, याचाही विचार अभियंत्याने करावा. टांगण्यासाठी खुंट्या नकोत, दांड्या हव्यात; खुंटीवर कपड्याच्या घड्या एकावर एक पडतात व आतली घडी तशीच ओली राहते. पूर्वीच्या बायकांना वलणीचा काठीने सरकविलेला कपडा का पसरून घालावयाचा हे कोणी शिकविले नव्हते. हवा खेळली पाहिजे एवढे त्या जाणत.

येथवर आल्यावर मघाशी सोडलेल्या विसंगतीकडे वळू. नव्या इमारतींत अशी सोय बहुधा ओळखपत्राने उघडणाऱ्या दारामागे असते. कंत्राटदाराकडून आलेल्या पहारेकऱ्याच्या अथवा सफाई कामगाराच्या ओळखपत्राने ते दार उघडत नाही. आराखड्यात ‘कर्मचाऱ्यांसाठी’ असा शब्द असतो, आणि त्या शब्दाचा अर्थ वेतनपत्रकावरून ठरविला जातो. परिणामी रोज बारा किलोमीटर सायकल मारून येणारा पहारेकरी, पदरचे कपडे जिन्याखाली बदलून, महागड्या सायकलींच्या स्टँडवर लक्ष ठेवतो. आणि वस्त्रांतरगृहाची फरशी पुसणारी बाई तेथे स्वतःची साडी बदलू शकत नाही. हा दोष बांधकामाचा नाही, एका शब्दाचा आहे, आणि तो दुरुस्त करण्यास खर्च येत नाही. टिपणात ‘कर्मचाऱ्यांसाठी’ याच्या जागी ‘या आवारात काम करणाऱ्या कोणासही’ असे लिहावे, आणि दाराला ओळखपत्राऐवजी साधी कडी ठेवावी. चोरीची भीती असेल तर ती कप्प्याच्या कुलपाने भागते.

जुन्या इमारतींत हे सर्व एकदम होणार नाही. तेथे कोणत्या क्रमाने आरंभ करावा, याविषयी माझे मत असे की, स्नानगृह शेवटी बांधावे. प्रथम वाळविण्याची खोली करावी, कारण तिच्यावाचून वर्षाचे चार महिने सायकल बंदच राहते; अडगळीची एखादी खोली, पंखा व दांड्या एवढ्यात ती होते. त्यानंतर कोरडा आडोसा व उंच कप्पे, मग बाक व पंखा, आणि मग पैसा उरल्यास नळजोडणी. प्रत्येक टप्प्यास एक नाव जबाबदार म्हणून लिहिलेले असावे : फरशी दिवसातून दोनदा कोण पुसणार, निष्कास-पंख्याची जाळी महिन्यातून एकदा कोण झाडणार. ‘स्वच्छता राखली जावी’ या कर्मणी प्रयोगात कर्त्याचे नाव घ्यावे लागत नाही, हे आमच्या वर्गातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून टिपणाचे हे कलम तरी कर्तरी प्रयोगात लिहावे, आणि कर्ता वाक्याच्या आरंभी ठेवावा.